फायलीतला पहिला कागद

घर विकत घ्यायला निघालेला माणूस एकदा बघावा. एरवी परक्या घरी पाणी मागतानाही अवघडणारा हा गृहस्थ अनोळखी माणसाच्या बाथरूममध्ये खुशाल शिरतो, नळ सोडून बघतो, भिंतीवर टकटक करतो आणि घरमालकाच्या देखत बायकोला म्हणतो, "ओल आहे गं." आपण सगळ्यांनीच हे केलेलं आहे, तेव्हा कोणी कोणाला हसायचं कारण नाही.

चष्मेवाली ताई आणि तिचा नवरा अशी अठरा घरं बघून बसले होते. ताई एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळ्यांचा नंबर काढायचा, फ्रेम बसवायची, सैल झालेले स्क्रू आवळायचे, हे काम ती चौदा वर्षं करत होती आणि आसपासच्या चार गल्ल्यांत सगळे तिला याच नावाने ओळखायचे. नवरा छापखान्यात होता. भाड्याच्या दोन खोल्या आणि नऊ वर्षांची एक मुलगी, असा संसार बरा चालला होता. मग एका सकाळी घरमालकाने दारात उभं राहून सांगितलं की इमारत पाडायची आहे, चार महिन्यांत जागा मोकळी करा.

तेव्हापासून ताईचा जीव टांगणीला लागला. लग्नानंतरचं हे तिसरं भाड्याचं घर. दर थोड्या वर्षांनी बोचकी बांधायची, मुलीची शाळा जवळ राहील ना याची काळजी करायची, याचा तिला वीट आला होता. या वेळी स्वतःचंच घ्यायचं असं दोघांनी ठरवलं. तिने एक वही केली. एका घराला एक पान. "अंधार." "पाणी वर चढत नाही." "शेजारी पहिल्याच भेटीत भांडले." आणि "छान आहे, पण आपल्यासाठी नाही." हा शेवटचा शेरा त्या वहीत अकरा वेळा होता.

एकोणिसावं घर घड्याळकाकांचं निघालं.

पहिला मजला, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. ओट्यासमोर खिडकी आणि खिडकीतून थेट मुलीच्या शाळेचं मैदान दिसत होतं. ताई त्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली ती तिथून हलेचना. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक बुटकं टेबल होतं. त्यावर चिमटे, दाभणाएवढे स्क्रू-ड्रायव्हर, डोळ्याला लावायचं भिंग. म्हणजे तिच्याच कामातली हत्यारं.

घड्याळकाका पंचाहत्तरीचे होते. सगळं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी टेबलावर कागदांची फाइल उघडली. सगळ्यात वर खरेदीखत, त्याखाली नकाशा, मग कराच्या पावत्या, वर्षाप्रमाणे लावलेल्या. ताईने ती चाळायला घेतली, तेव्हा काका आपणहून म्हणाले,

"एक सांगून ठेवतो. या खोलीत माझा मुलगा गेला. दोन वर्षं झाली. हृदयाची झडप जन्मापासून खराब होती त्याची. डॉक्टर म्हणाले होते विसाव्या वर्षापर्यंत, आमचा पठ्ठ्या अठ्ठावीस पुरी करून गेला. इथे बसून माझ्याबरोबर घड्याळं करायचा. आता मला एकट्याला करमत नाही. पुतणी ये म्हणतेय. पण तिचं घर लहान, गच्चीवर एक खोली बांधावी लागेल. ती माझ्या पैशांतून बांधली तरच जाणार आहे मी. आयत्या बिळात नाही शिरायचं मला."

ताईचे डोळे भरून आले. ते पाणी खोटं नव्हतं, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.

घरी येऊन तिने वहीत त्या पानावर एकच शब्द लिहिला, "हेच." नवऱ्याने कर्ज, शिल्लक, तिचे दागिने असा सगळा हिशेब मांडला. दहावा हिस्सा कमी पडत होता. बँकेने आणखी द्यायला आधीच नकार दिला होता.

आता त्यांच्या दलालाविषयी. याचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. दोन्ही बाजूंकडून दोन टक्के घेतो म्हणून सगळे त्याला दोन टक्केच म्हणायचे, आणि तोही फोन उचलून "हां, दोन टक्के बोलतोय" असं बेधडक सांगायचा. तो दुसऱ्या दिवशी दुकानात आला आणि काउंटरवर कोपर टेकून खालच्या आवाजात बोलू लागला.

"ताई, घोळ झालाय. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनाही ते घर पसंत पडलंय. दुसऱ्या दलालाने आणलंय त्यांना. पूर्ण किंमत द्यायला तयार आहेत."

"मग आमचं काय?"

"तुमचं काय ते तुमच्याच हातात आहे. घरात तरणंताठं मरण झालंय. अशा घराचा भाव खाली यायलाच पाहिजे, पण म्हातारा ऐकत नाही. चार लोकांच्या कानावर गेलं की आपोआप ऐकेल. तुमच्याकडे दिवसभर माणसं येतात. खोटं बोला असं मी म्हणत नाही हं. मरण झालं हे खरंच आहे की."

ताई हातातली फ्रेम पुसत राहिली. नाही मात्र म्हणाली नाही.

योग असा की चित्रकलेच्या बाई त्याच आठवड्यात नंबर वाढला म्हणून दुकानात आल्या. ताईने त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, डोळ्यांवर काचा बदलायची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच घालत विचारायला लागली, "ही बरी की आधीची?" बाई गप्पिष्ट होत्या. घर बघितलंय, मनात भरलंय, सोमवारी बयाणा देणार, असं सांगत होत्या. ताईने आणखी एक काच उचलली.

"घड्याळकाकांचं का? चांगलं आहे. पण जरा चौकशी करून घ्या हं. तरुण मुलगा गेलाय त्या घरात. कसा गेला ते कोणी धड सांगत नाही. ही बरी की आधीची?"

बाईंनी पुन्हा एकदा तक्त्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आधीची."

बघा, काकांनी तिला झडप सांगितली होती, डॉक्टर सांगितले होते, वय सांगितलं होतं. आणि ती म्हणाली, कोणी धड सांगत नाही. चार-पाच शब्दांचं काम होतं. त्या आठवड्यात तिने तेच शब्द आणखी तिघांना ऐकवले. सोमवारी चित्रकलेच्या बाईंनी बयाणा दिला नाही.

पुढचं काम तिला करावंच लागलं नाही. लोक तिखटमीठ लावायला बसलेलेच असतात. आठवडाभरात एक आजोबा फ्रेम सरळ करायला आले आणि म्हणाले, "त्या घड्याळवाल्याच्या पोराने जीव दिला म्हणे." त्यानंतर एक गृहिणी म्हणाली, "बापाशी पटत नव्हतं त्याचं. रोज भांडणं. काय करणार बिचारा." ताईने तोंड उघडलं होतं. मग तिने हातातली काच आणखी एकदा पुसली आणि डबीत ठेवली. गप्प राहण्याची किंमत तिला माहीत होती, अगदी आकड्यात माहीत होती.

भाव उतरला. आधी थोडा, मग पुरता. एकाच महिन्यात ते घर त्यांच्या आवाक्यात आलं. नवरा खुशीत होता. दोन टक्के म्हणाला, "घाई करू नका, आणखी पंधरा दिवस थांबा, अजून उतरेल." मुलीने तर आपला पलंग कुठे येणार याचं चित्रही काढून ठेवलं. ताईला मात्र रात्रीचं जेवण गोड लागेना. भाव का उतरला हे मुलीने कधी विचारलं तर काय सांगायचं, या एका प्रश्नाशी तिचं मन सारखं अडायचं. मग ती स्वतःचीच समजूत घालायची की आपण खोटं असं काहीच बोललो नाही.

कपाट भिंतीला बसेल का ते मोजायला ती एका दुपारी टेप घेऊन एकटीच तिथे गेली. जिन्यापाशीच तळमजल्यावरच्या दारातून एका बाईंनी हाक मारली. पांढरे आखूड केस, ताठ कणा. चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या. निवृत्त होऊनही लोक त्यांना सिस्टरच म्हणायचे.

"वरचं घर घेणार ते तुम्हीच ना? या, पाणी घ्या. वर जायच्या आधी माझं ऐकून जा."

ताई आत जाऊन खुर्चीच्या टोकावर बसली.

"तो पोरगा गेला तेव्हा मी तिथे होते," सिस्टर म्हणाल्या. "संध्याकाळचे सहा वाजले असतील. काका धावत खाली आले, मी वर गेले. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शेवटपर्यंत बापालाच धीर देत होता तो, घाबरू नका म्हणत होता. आणि आता लोक म्हणतात त्याने जीव दिला. बापाशी भांडून. चौकातल्या वाण्याने परवा काकांना तोंडावर विचारलं, खरं का हो? काका सामान न घेताच घरी आले."

"लोकांना काय, कोणीही काहीही बोलतं," ताई कशीबशी म्हणाली.

"असं कोणीही नसतं हो. कुठून तरी सुरू होतंच ना. मी शोधत शोधत गेले. चष्म्याच्या दुकानात कोणी बाई आहे, तिने सोडून दिलंय हे. मला भेटायचंय तिला एकदा. भांडायला नाही. एवढंच विचारायचंय की बाई, तुझ्या घरात कोणी मेलंच नाही का?"

ताईने पेला खाली ठेवला. सिस्टर आपल्याच नादात होत्या.

"हॉस्पिटलात सकाळी ज्या पलंगावर माणूस जातो ना, त्याच पलंगावर आम्ही दुपारी दुसरा आणतो. चादर बदलायची, पुसून घ्यायचं, की झालं. तो दुसरा त्याच पलंगावर बरा होऊन घरी जातो. पलंगाचं भाडं कमी करा म्हणून आजवर कोणी भांडलं नाही माझ्याशी. मग घराचंच का? माणूस घरात नाही तर कुठे मरणार? रस्त्यावर मेलेलं चालतं लोकांना. आपल्या अंथरुणात, बापाच्या हातात हात देऊन मेला की घर वाईट. आणि जे बोलतात ना, त्यांना भुताखेताची भीती वाटते असं समजू नका. निम्म्यांना भाव पाडायचा असतो."

ताई उठली. "मी वर जाऊन येते," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

काकांनी दार उघडलं. महिनाभरात ते दहा वर्षांनी थकल्यासारखे दिसत होते. तिला बसवून त्यांनी तीच फाइल टेबलावर ठेवली आणि उघडली. सगळ्यात वर आता खरेदीखत नव्हतं. प्लास्टिकच्या पाकिटात मुलाच्या मृत्यूचा दाखला होता.

"आधी हे वाचून घ्या," काका म्हणाले, "मग खोल्या बघा. हल्ली मी सगळ्यांना आधी हेच दाखवतो. कारण लिहिलंय बघा खाली, डॉक्टरांच्या अक्षरात. तुम्हाला लागलं तर भिंग देतो."

घर बघायला येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसापुढे हा बाप आपल्या मुलाचा दाखला ठेवत होता. स्वयंपाकघर दाखवण्याआधी, नळाला पाणी किती वेळ असतं ते सांगण्याआधी. पाकिटाचा कोपरा बोटांनी मळला होता. ताईने तो कागद हातात घेतला. चौदा वर्षं जगाला बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या बाईला त्यावरचं एक अक्षर दिसेना.

"काका, हे मला दाखवू नका," ती म्हणाली. "ते बोलणं माझ्यापासून सुरू झालंय. चष्म्याच्या दुकानातली ती मी. चित्रकलेच्या बाई पूर्ण पैसे देणार होत्या. त्यांनी घेऊ नये म्हणून मी बोलले."

काका रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"पण तुम्हाला तर मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

तिने मान खाली घातली.

"भाव उतरला त्याचं एवढं नाही वाटत मला," काकांनी दाखला तिच्या हातून परत घेतला. "पुतणीची खोली होईल नाही तर नाही होणार. पण माझा मुलगा भित्रा नव्हता हो. जन्मभर दुखणं घेऊन हसत जगला. जगायची एवढी हौस होती त्याला, आणि त्याने जीव दिला म्हणतात. आता तुम्ही जा."

ती गेली. कपाटाची भिंत मोजायची राहिली.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "चुकलंच. पण आता झालं ते झालं. भाव पडलाय, आपल्याला घर हवंय, त्यांना विकायचंय. आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी याच भावात घेईल. काकांचा त्यात काय फायदा?"

"काकांचा फायदा तेव्हा होईल जेव्हा मी जाऊन खरं सांगेन."

"आणि मग घर हातचं जाईल. दोन महिने उरलेत. जायचं कुठे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण अहो, त्या ओट्यापाशी उभं राहून मी चहा कसा करू? तो बाप डोळ्यांसमोरून हलणार आहे का माझ्या?"

नवरा चिडला, पुढे कितीतरी दिवस धड बोलला नाही. ताई मात्र दुसऱ्याच दिवशी शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभी राहिली. चित्रकलेच्या बाई रंगाचे डाग पडलेले हात पुसत बाहेर आल्या. तिने रस्त्यातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, आपली बाजू सावरून न घेता.

"मी तुमच्यासमोर डोळे तपासायला बसले होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल ती काच मी लावून घेत होते. तेवढा विश्वास होता. यापुढे मी दुसरीकडे जाईन."

"जा. पण घर बघायला पुन्हा एकदा जाऊन या," ताई म्हणाली.

उरलेल्या तिघांकडेही ती गेली. एकाने हसण्यावारी नेलं. एकीने विचारलं, "तुम्हाला किती पैसे दिले त्या म्हाताऱ्याने?" खरं सांगायला निघालं की लोकांना संशय येतो, आणि खोट्याला कोणी पावती मागत नाही. पण ताईने नेट सोडला नाही. आता दुकानात कोणी तो विषय काढला की ती हातातलं काम खाली ठेवून सांगायची, "ती अफवा माझी होती. मुलगा आजाराने गेला. सिस्टरच्या मांडीवर गेला, विचारा त्यांना." दुकानाच्या मालकाला हे आवडलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि सांगायचं थांबवलं नाही. दोन टक्के एकदा येऊन म्हणाला, "ताई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." तिने त्याला दाराकडे बोट दाखवलं.

चित्रकलेच्या बाईंनी ते घर घेतलं. पूर्ण किमतीला. ज्या दिवशी ही बातमी कळली त्या दिवशी ताई घरी येऊन मुलीने काढलेलं पलंगाचं चित्र बघत बसली आणि पोटभर रडली. पश्चात्तापाने मनाची टोचणी कमी होते, पण हातचं गेलेलं घर काही परत येत नाही. काही दिवसांनी सिस्टर वाटेत भेटल्या. आता त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, "कागदांवर सह्या झाल्या तेव्हा मी साक्षीला होते. फाइल उघडली तेव्हा वर खरेदीखत होतं. दाखला त्यांनी घरी ठेवला होता, मुलाच्या सामानाबरोबर."

मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना त्यांना दुसरं घर सापडलं. लांब, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली कमी. दोन भाऊ विकत होते. किंमत जेमतेम आवाक्यातली होती. सगळं बघून झालं तेव्हा धाकटा भाऊ घुटमळला, मोठ्याकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "तुम्हाला सांगायला हवं. आमची आई या खोलीत गेली. वर्ष व्हायचंय अजून. त्यामुळे तुम्हाला किमतीचं काही बोलायचं असेल तर..."

भाव करायला यापेक्षा चांगली संधी कोणत्या गिऱ्हाइकाला मिळते? ताईने नवऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस फुगून बसलेला तो गृहस्थ घसा साफ करून म्हणाला, "किंमत ठरली आहे तीच राहू दे."

ताईने वही मिटली. "आईंचा पलंग कुठे होता?"

भाऊ गडबडला. हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने खिडकीलगतची भिंत दाखवली. "इथे. खालचा बसथांबा दिसायचा तिला. कोण कुठे निघालं ते सगळं तिला ठाऊक असायचं. आम्हाला यायला उशीर झाला की वरूनच ओरडायची." बोलता बोलता तो हसला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

"मग आमच्या मुलीचा पलंगही तिथेच ठेवू," ताई म्हणाली.

तर वाचकहो, आपण सगळेच कधी ना कधी घर घेऊ, विकू, भाड्याने देऊ. ओल बघा, नळ सोडून बघा, कागद दहादा तपासून घ्या आणि परवडत नसेल तर खुशाल घासाघीस करा, तो आपला हक्कच आहे. पण दुसऱ्याच्या घरातलं मरण सौद्यात वापरू नका. आणि कोणी तसं वापरताना दिसला तर ऐकून गप्प बसू नका, कारण गप्प बसणाराही त्या भावात भागीदार असतो. ज्या घरात माणूस शेवटपर्यंत आपल्या माणसांजवळ राहिला ते घर वाईट कसं असेल? आपणही जाऊ तेव्हा अशाच एखाद्या खिडकीजवळून जाऊ, आणि मागे राहिलेल्यांना त्याचा दाखला कोणा गिऱ्हाइकापुढे ठेवायची वेळ येऊ नये.